भाव पडायच्या आत

दोघे साडू दर रविवारी सकाळी स्पोर्ट्स कारमध्ये जाऊन बसायचे. नुसते बसायचे हं. गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, तिचं नाक भिंतीकडे, इंजिन बंद, आणि आत दोन पोक्त पुरुष बूट काढून, सीटवर टॉवेल अंथरून गप्पा मारतायत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, गाडी बंद पडली बिचाऱ्यांची. शेजारी ढकलायला धावायचे. मग धाकटे काच दोन बोटं खाली करून सांगायचे, "नाही नाही, उत्तम चालते. आम्ही चालवत नाही, एवढंच."

आता हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं.

धाकटे केळी पिकवण्याच्या गोदामात मोठ्या हुद्द्यावर होते. हिरवी केळी यायची, ती बंद खोल्यांत ठेवायची, गारवा सांभाळायचा आणि नेमक्या दिवशी दार उघडून बाजारात धाडायची. एक दिवस आधी काढली तर कच्ची, कोणी हात लावत नाही. एक दिवस उशीर झाला तर सालीवर काळे ठिपके आणि भाव निम्मा. आणि मधल्या काळात कोणी हाताळायचं नाही, कारण बोट लागलं की तिथे डाग. सगळा जन्म हेच केलेला माणूस. केस कधी कापायचे, दूध कधी संपवायचं, कुणाकडे गेलं तर तिथून कधी उठायचं, सगळ्याची त्यांच्याकडे वेळ ठरलेली. त्यांची बायको, तिला घरात सगळे छोटी म्हणायचे, ती सांगायची, "मला मागणी घातली तेव्हासुद्धा घड्याळ बघत होते हे. मला वाटलं, नाही म्हटलं तर पुढच्या ठिकाणी जायचंय की काय!"

थोरल्यांचं चष्म्याचं दुकान. बोलायला गोड, भांडायला कच्चे, आणि मनातली गोष्ट ओठावर यायला यांना वर्षभर लागायचं. त्यांची बायको म्हणजे छोटीची मोठी बहीण, ताई. ताई होती तोवर थोरल्यांना स्वतःबद्दल बोलायची वेळच आली नाही. यांना भूक लागलीय, यांना कंटाळा आलाय, हे रुसलेत, सगळं तीच परस्पर जाहीर करून टाकायची. मग ताई आजारी पडली आणि गेली. मूलबाळ नव्हतं. सहा दिवस दुकान असायचं, गिऱ्हाइकं असायची, कुणाचा नंबर वाढलेला असायचा, कुणाची काडी तुटलेली असायची. रविवारी मात्र घर खायला उठायचं.

असेच दिवस चालले होते आणि एका संध्याकाळी धाकटे दुकानात येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाले, "साडूभाऊ, एक गाडी बघितलीय. दोन सीटची, छत मागे घडी होणारी, गडद हिरवी. मला विशीपासून हवी आहे. छोटी म्हणते, अख्खे पैसे घालाल तर मग त्या गाडीतच राहायला जा. निम्मे तुम्ही घालता का?"

थोरल्यांना गाडीत काडीचा रस नव्हता. धड चालवताही यायची नाही. लायसन्स होतं, पण ते त्यातला फोटो बरा आलाय म्हणून जपलेलं. पण किती महिन्यांत त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं हो! जो तो यायचा, "जेवलात का?" विचारायचा आणि जायचा. थोरले "बरं" म्हणाले आणि दोघांच्या नावावर गाडी आली.

आणि ज्या दिवशी आली त्याच दिवसापासून धाकट्यांनी ती विकायची तयारी सुरू केली. खोटं नाही सांगत. म्हणाले, "गाडी घेतानाच ती कधी द्यायची ते ठरवायचं असतं. कंपनीची वॉरंटी संपायच्या आत आणि नवं मॉडेल यायच्या आत. त्या दोन्हींच्या अलीकडे एक वेळ असते, तेव्हा शोरूमला एक्स्चेंजमध्ये दिली की भाव चोख येतो. तोवर जपायची." मग नियम सुरू झाले. सीटवर टॉवेल. बूट बाहेर. आत खायचं नाही, प्यायचं नाही, शिंकायचं झालं तर खिडकीकडे तोंड करून. उन्हात उभी करायची नाही, पावसात काढायची नाही. छत मागे घ्यायचं नाही, घडीच्या जागी कापडावर रेघ पडते. आता मला सांगा, जिचं छत उघडतं म्हणून घेतली, तिचं छत उघडायचं नाही! पण थोरले कशाला बोलतायत? ते "बरं" म्हणाले.

पहिल्या वर्षी पेट्रोल पंपापर्यंत जाऊन यायचे. मग धाकट्यांच्या लक्षात आलं की पंपापर्यंत जाण्यात जे पेट्रोल जळतं तेच भरायला आपण पंपावर जातो. शिवाय किलोमीटरचा आकडा वाढतो तो वेगळाच. तेव्हापासून जाणं बंद झालं आणि बसणं उरलं. चावी अर्धी फिरवून रेडिओ लावायचा, हळू आवाजात, आणि बसायचं. मधूनच छोटी चहा घेऊन तळघरात उतरायची. चहा गाडीत चालायचा नाही, म्हणून दोघांनी बाहेर येऊन, टायरला पाय न लावता उभ्याने प्यायचा.

"काय, बस सुटली नाही का अजून?" छोटी विचारायची. "कंडक्टर आला नाही वाटतं!"

हसा, खुशाल हसा. पण त्या गाडीत काय काय बोलून झालं ते छोटीलाही ठाऊक नव्हतं. घरी चार माणसांत थोरल्यांच्या तोंडाला कुलूप असायचं. इथे ते खुशाल बोलायचे. दुकानातल्या गमती सांगायचे, पाठदुखीबद्दल बोलायचे, ताईबद्दल बोलायचे. ती शेवटी शेवटी चिडकी झाली होती आणि आपणही एकदा तिच्यावर ओरडलो होतो, हेसुद्धा त्यांनी एका रविवारी सांगून टाकलं आणि सांगता सांगता रडायला लागले. धाकट्यांनी स्वतःच्या पाठीमागचा टॉवेल ओढून त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "पुसा. सीटवर थेंब नको." हे त्यांनी थट्टेने म्हटलं की खरोखरच सीटची काळजी वाटून, ते थोरल्यांना कधी कळलं नाही. पण त्या दिवशी त्यांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

तर थोरल्यांचा जीव गाडीत अडकलेला नव्हता. जीव रविवारात अडकलेला होता. सोमवारपासून ते रविवारी काय सांगायचं ते गोळा करत असायचे. एखादं गिऱ्हाईक विचित्र वागलं तर राग यायच्या ऐवजी आनंद व्हायचा, चला, धाकट्यांना सांगायला झालं!

आणि मग एका रविवारी धाकट्यांनी रेडिओ बंद केला. "साडूभाऊ, वेळ झाली."

"जेवायची?" थोरल्यांनी विचारलं.

"गाडीची. पिकली. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय, वॉरंटीही त्याच सुमाराला संपतेय. येत्या रविवारी शोरूमला देऊन टाकू. आज दिली तर थोडी घाई, महिनाभराने दिली तर माती. येता रविवार म्हणजे अगदी नेमका." बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. "मी एक चार दारांची साधी गाडी बघून ठेवलीय, छोटीला चढाउतरायला बरी. तिच्यात ही वळती करून घेऊ. तुमचा निम्मा वाटा मी तुम्हाला तिथल्या तिथे देणार, पै न पै. गाडीला डाग नाही, तसा तुमच्या पैशालाही डाग लागणार नाही."

थोरल्यांच्या मनात आलं, वाटा हातात ठेवला की संपलंच ना सगळं! ताई नाही, गाडी नाही. मग कुठल्या तोंडाने दर रविवारी या घराच्या पायऱ्या चढायच्या? साडूपण ताईच्या हातून आलेलं, ते तिच्याबरोबरच गेलेलं. इतके दिवस निदान सांगायला होतं, आमची गाडी आहे तिथे. आता काय सांगायचं? पण तोंडातून काय निघालं असेल? "बरं."

तो आठवडा त्यांना सरता सरेना. बुधवारी एका आजोबांना त्यांनी भलत्याच बाईंचा चष्मा घातला. आजोबा म्हणाले, "छान दिसतंय, पण तुम्ही दोन दिसताय." गुरुवारी त्यांनी धीर करून धाकट्यांना फोन लावला.

"मी काय म्हणतो, अजून थोडं थांबलो तर?"

"थांबून?" धाकट्यांचा आवाज असा झाला जणू कुणी गोदामाचं दार उघडं टाकलं. "साडूभाऊ, केळं थांबतं का? आपण थांबतो, ते थांबत नाही."

"नाही, ते खरं आहे," थोरले म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी छोटी दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झाली म्हणे. दांडी घट्ट होती. थोरल्यांनी तरी ती उगाच सैल करून पुन्हा घट्ट करून दिली.

"भाऊजी, गाडी द्यायची आहे ना तुम्हाला?" छोटीने विचारलं.

"म्हणजे काय! द्यायलाच हवी. वेळ आहे ती."

"जरा आरशात बघा हो स्वतःकडे."

आता चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा! जिकडे मान वळवावी तिकडे थोरल्यांना स्वतःचं पडलेलं तोंड दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि काउंटर पुसायला घेतलं.

"मग बोला की यांच्याशी."

"काय बोलू? मला गाडी हवीय म्हणून? मला ती रिव्हर्ससुद्धा घेता येत नाही, छोटी."

छोटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला समजलं. बहीण होती ताईची, तिला समजायला कितीसा वेळ लागणार. म्हणाली, "इतकी वर्षं तुमचं सगळं ताई सांगायची. मी सांगायला गेले तर यांना पटेलही लगेच. पण मी नाही सांगणार. बायकांनीच का म्हणून तुमची तोंडं व्हायचं?" आणि दुकानाच्या दारातून परत वळून म्हणाली, "रागावून नाही म्हणत हं मी."

रविवारी सकाळी थोरले ठरल्यापेक्षा आधीच तळघरात पोचले. त्यांच्याकडे गाडीची दुसरी चावी होती, ती त्यांनी मुठीत धरली होती. आणि आता जे सांगतोय ते ऐकून या माणसाला नावं ठेवू नका. त्यांच्या मनात आलं होतं की दारावर एक ओरखडा मारावा. लांबलचक. धाकटे बघतील, हाय खातील, म्हणतील अशी कशी नेणार, आधी रंग दुरुस्त करू. रंगाच्या कामाला वेळ लागेल. तेवढे रविवार मिळतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चावीचं टोक दाराला टेकवलं. आणि हात पुढे जाईना. तीन वर्षं धाकट्यांनी हे दार मऊ फडक्याने पुसलेलं, बाळाचं अंग पुसावं तसं. थोरल्यांनी चावी खिशात टाकली आणि टेकवल्या जागी काही उमटलंय का ते वाकून पाहिलं. काही नव्हतं. तरी रुमाल काढून ते पुसत बसले. धाकटे आले तेव्हा ते पुसतच होते.

"वा, साडूभाऊ!" धाकटे खूश झाले. "याला म्हणतात जपणं."

गाडी सुरू होईना. दर रविवारी रेडिओ ऐकून बॅटरीने राम म्हटला होता. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून सुरू केली. बाहेर पडले तर चाकांतून धप धप आवाज. धाकटे म्हणाले, "रस्ता खराब आहे." रस्ता मेणासारखा गुळगुळीत होता. थोरले खिडकीतून बघत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. 'मला काय वाटतं माहीत आहे का...' नको. 'एक विचारू का...' तेही नको. एका वाक्याची सुरुवात जमली तोवर शोरूम आलं.

शोरूममध्ये जुन्या गाड्या तपासायला एक तरुण बाई होती. हातात विजेरी, केसांत पेन खोचलेलं. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि शीळच घातली. "काय ठेवलीय हो! सीट तर कारखान्यातून आल्यासारखी." धाकट्यांनी थोरल्यांकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, बघितलंत?

मग ती खाली वाकली. टायरवर हात फिरवला, आतल्या ब्रेकच्या चकत्यांवर विजेरी मारली. पुढचं झाकण उघडलं. झाकणाखाली टॉवेलच्या धाग्यांचं छान गोल घरटं होतं. कुणीतरी उंदीर तिथे सहकुटुंब राहून गेला होता आणि जाताना दोन वायरी चाखून गेला होता. मग तिने छताचं बटण दाबलं. कर्र असा आवाज झाला, छत अर्धं उठलं आणि तिथेच अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. रबर एकमेकांना चिकटून बसलं होतं.

"ही चालवलीच नाही का तुम्ही?" बाईने विचारलं. रागावून नाही, नवल वाटून.

"अजिबात नाही," धाकटे अजून अभिमानानेच म्हणाले. "नावालासुद्धा नाही."

"अहो, तिथेच चुकलं. उभी राहून राहून टायर एका बाजूने बसलेत. ब्रेकला गंज चढलाय. गाडी उभी ठेवली की आतून आखडते. थोडी तरी फिरवायची." तिने जो भाव सांगितला तो ऐकून धाकट्यांचे ओठ पांढरे पडले. मग तिलाच वाईट वाटलं. "एक करा. टायर नवे घाला, महिना-दोन महिने रोज चालवा, सगळं मोकळं होईल. मग आणा. अर्थात तोवर नवं मॉडेल आलेलं असेल, तेव्हा तसाही भाव उतरणार. विचार करा सावकाश. मी आहे आत."

ती गेली. धाकटे मागे सरकत सरकत सोफ्यावर बसले. इतका हुशार माणूस, पण असा बसला की जणू शाळेत नापास झालेलं पोर. बराच वेळ गाडीकडे, त्या अर्ध्या उघडलेल्या छताकडे बघत राहिले. "सडवली मी," ते म्हणाले. "ठेवून ठेवून सडवली." मग थोरल्यांकडे वळले. "तुमचा वाटा बुडवला मी, साडूभाऊ. माझं सोडा. तुमच्या पैशाला हात लावला मी."

आणि इथे थोरल्यांच्या मनात काय आलं सांगू? पहिली गोष्ट आली ती आनंदाची. महिना-दोन महिने! मागायला गेले नव्हते तरी मिळत होते. काही बोलायला नको, काही उघडं करायला नको. नुसतं म्हणायचं, "बरं, चालवू मग थोडे दिवस," की झालं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण शेजारी हा माणूस काळा ठिक्कर पडून बसलेला, आणि कशासाठी, तर थोरल्यांच्या पैशासाठी! थोरल्यांना एकदम स्वतःचा राग आला. इतका आला की ते मोठ्याने बोलले.

"खड्ड्यात गेला माझा वाटा!"

दोन विक्रेत्यांनी वळून पाहिलं. धाकटे दचकले. थोरल्यांचा एवढा आवाज त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता.

"मला वाटाबिटा नकोय. मला गाडीही नकोय. कधीच नको होती. मला रविवार हवाय. तो तुम्ही विकायला निघालात आणि मी आपला बरं, बरं म्हणतोय मूर्खासारखा!" थोरल्यांना धाप लागली. "सकाळी मी ओरखडा मारणार होतो गाडीवर. तुम्ही बघितलंत ना मला पुसताना? त्याआधी मी चावी टेकवली होती."

"ओरखडा?" धाकट्यांनी विचारलं. त्यांना बाकीचं अजून पोचलंच नव्हतं.

"विकू नये म्हणून. मी येतो तो तुमच्यासाठी येतो हो! गाडीत काय आहे बसण्यासारखं? माझी पाठ जाते त्या सीटमध्ये."

धाकटे अगदी हळू म्हणाले, "पाठ तर माझीही जाते."

आणि मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं ते असं, की ताई गेल्यावर छोटी तीनदा जेवायला बोलावून थकली होती आणि थोरले तीनदा काहीतरी काम सांगून आले नव्हते. तेव्हा धाकट्यांनी विचार केला होता, हा माणूस आग्रहाने यायचा नाही. याची काही वस्तू आपल्याकडे असली तर येईल. गाडी त्यांना हवी होती हे खरं. पण अख्खे पैसे घालू नका असं छोटी कधी म्हणालीच नव्हती.

"मग विकायला का काढलीत?" थोरल्यांना राहवेना.

"मला वाटलं, तुम्ही भिडेपोटी येताय. किती दिवस एखाद्याला तळघरात बसवून ठेवायचं? आता सावरलात, हसता-बोलता. म्हटलं, ही योग्य वेळ. पैसे चोख परत करावेत आणि मोकळं करावं तुम्हाला." धाकट्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कशाचीही वेळ कळते असं वाटायचं मला."

थोरले त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "द्या आजच. जो म्हणेल त्या भावाला द्या."

"आता? अहो, दोन महिने चालवली तर..."

"नको. गाडीच्या नावाखाली यायचं नाही मला परत. हिशेब मिटवा. मी तसाच येईन."

"याल ना?" धाकट्यांनी विचारलं. आणि लगेच, "म्हणतात सगळे तसं."

गाडी दिली. भाव फारसा नाहीच आला, चार दारांची पुढे कधीतरी बघायची ठरली. धाकट्यांनी तिथल्या तिथे निम्मा वाटा मोजून हातात ठेवला. दोघांमध्ये देणंघेणं म्हणून काही उरलं नाही. घरी जाताना दोघे एकाच रिक्षात बसले, आणि थोरले उतरले तेव्हा धाकटे नुसते "सांभाळून" म्हणाले.

पुढचा आठवडा धाकट्यांनी कसा काढला ते छोटीलाच विचारा. घरात वेळापत्रकाचा बोजवारा उडाला. दूध उतू गेलं, बिल भरायचं राहिलं. शनिवारी तीन वेळा म्हणाले, "नाही येणार ते. कशाला येतील?" छोटी म्हणाली, "फोन करून विचारा." तर म्हणे, "विचारून आले तर काय अर्थ?" पुरुषांचं हे असं असतं, तोंडाने बोलायचं तेवढं सोडून सगळं करतील.

थोरल्यांची अवस्थाही काही वेगळी नव्हती. रविवारी ते भल्या सकाळीच उठून तयार झाले, मग खुर्चीत बसून राहिले. जायला काही निमित्त हवं म्हणून त्यांनी छोटीच्या चष्म्याचं कापड खिशात घातलं. परत काढून ठेवलं. बिस्किटाचा पुडा पिशवीत घातला, तोही काढला. शेवटी रिकाम्या हाताने निघाले. आणि नेहमीच्या वेळेपर्यंत दम निघेना, म्हणून तासभर आधीच जाऊन उभे राहिले. तळघराकडे वळणारे पाय त्यांनी जिन्याकडे वळवले. दारापाशी क्षणभर थांबले, मग घंटी वाजवली.

दार धाकट्यांनीच उघडलं. अंगात बनियन, एक गाल साफ, दुसऱ्या गालावर दाढीचा फेस, हातात रेझर. बघतच राहिले. सगळ्या जन्मात या माणसाला कुणी अशा अर्धवट वेळी पकडलं नव्हतं.

"तुम्ही?" ते म्हणाले. "इतक्यात? काय, काही काम होतं का?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. पाठ दुखतेय, इथून चाललो होतो, छोटीचा चष्मा बघायचा होता, अशी दहा कारणं समोर येऊन उभी राहिली.

"काही काम नाही," ते म्हणाले. "तुम्हाला भेटायला आलो."

धाकट्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फेसातून वाट काढत ते हनुवटीवर आलं, आणि पुसायला हात वर केला तर हातात रेझर. छोटी आतून ओरडली, "कोण आहे हो?" त्यांना उत्तर देता येईना. त्यांनी थोरल्यांचा हात धरून आत ओढलं आणि खुर्चीत बसवलं. दोनदा न्हाणीघराकडे गेले, दोनदा परत आले.

"एक गाल राहिलाय," ते म्हणाले. "आलोच मी. जाऊ नका हं."

"करा सावकाश," थोरले म्हणाले. "मी कुठे जातोय?"